पुढच्या हाती द्या

त्या इंग्रजी पडद्यावरचा शब्द न् शब्द एका वेगळ्या फाइलीत ठेवलेला असतो आणि ती फाइल कुणालाही उघडता येते, हे अक्षता होवाळला कळलं तेव्हा तिनं हातातला चहा टेबलावर ठेवला. तो संध्याकाळपर्यंत तिथंच राहिला. वर साय धरली, सायीवर माशी बसली, हिला पत्ता नाही.

ही बातमी दिली आर्जव चौगुलेनं. तो मूळचा मिरजेचा, पण नोकरीला पुण्यात, एका संगणक कंपनीत. सांगलीच्या 'सांजकाठ' ह्या सायंदैनिकात त्याच्या कंपनीनं दिवाळीनंतर एक नवी व्यवस्था बसवली होती. बातमी संगणकात भरायची, तिथंच सुधारायची, तिथूनच पानावर सोडायची आणि जुनी बातमी हवी झाली की तिथूनच काढायची. व्यवस्था झकास होती. खोट एकच, ती इंग्रजीशिवाय बोलायची नाही. आर्जव सहज म्हणाला की परदेशात हीच व्यवस्था दहा-बारा भाषांत चालते, सहाशे बारा ओळींचं भाषांतर केलं की झालं. एवढं बोलून तो आईकडं जेवायला मिरजेला निघून गेला आणि अक्षताच्या डोक्यात भुंगा सोडून गेला.

कारण त्या इंग्रजीपायी सहा माणसांची नोकरी जाणार होती आणि त्या सहांत तिचे वडील होते.

आण्णा होवाळ सत्तावीस वर्षं 'सांजकाठ'मध्ये खिळे जुळवत होते. रोज सकाळी आष्ट्याहून एस.टी.नं यायचं, शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द करायचा, शब्दांची ओळ, ओळींचं पान. त्यांच्या बापाला सही येत नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्या बापानं पोराचा हात धरला आणि शाळेत नेऊन बसवलं, आणि पोरानं पुढं अक्षरांवरच पोट भरलं. आण्णांना ह्याचा अभिमान होता आणि तो ते काही लपवत नसत.

खिळे बंद होणार हे कळल्यावर ही सहा माणसं, म्हाताऱ्या फोरमन भाऊसोंसकट, मे महिन्याच्या उन्हात मराठी टायपिंगच्या क्लासला गेली होती. शेजारी अकरावीतल्या पोरी टकटक करायच्या, ह्यांना हसण्यावारी न्यायच्या. पण सहाही जण शिकले. मग आला तो इंग्रजी पडदा. खिळे जुळवणारा माणूस अक्षर डोळ्यानं शोधत नाही, कुठल्या खणात काय आहे ते त्याच्या हाताला ठाऊक असतं. ह्यांनी पडद्यावरची बटणंसुद्धा तशीच पाठ केली, डावीकडून तिसरं, खालून दुसरं. पण मध्येच एखादी चौकट पडद्याच्या पोटातून वर यायची, इंग्रजीत काहीतरी विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. तिथं मात्र सहाही जण हात वर करून बसायचे. काम तासनतास अडायचं.

मालक धरणेंद्र मगदूम माणूस वाईट नव्हते, पण घड्याळाचे गुलाम. अंक दुपारच्या गाडीला मिरज जंक्शनवर आणि साताऱ्याच्या एस.टी.त पोचला पाहिजे, म्हणून एकच्या ठोक्याला पान सुटलंच पाहिजे. त्यांनी पुण्याच्या कंपनीशी बोलणं केलं होतं. कंपनी इंग्रजी येणारे चार ऑपरेटर देणार, संक्रांतीनंतर करार, मग ह्या सहांना निरोपाचा नारळ.

अक्षता तिथंच जाहिरातींची रचना करायची. डिप्लोमा झालेली, जिभेची तिखट. ती सरळ मालकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, की पडदा मराठी करून देते, मग हीच माणसं पेपर काढतील. मालक हसले नाहीत, हे विशेष. ते म्हणाले, "एक दिवस ह्या सहांनी तुझ्या मदतीशिवाय एक वाजता पान सोडून दाखवावं. त्या दिवशी मी पुण्याला नाही म्हणून कळवतो. पण तू त्या दिवशी इथं, माझ्यासमोर बसायचं. बाहेर पाऊल टाकायचं नाही." तिनं तारीख घेतली. संक्रांतीआधीचा सोमवार.

पुढचे पाच आठवडे पोरीनं जे केलं त्याला आमच्याकडं झपाटणं म्हणतात. सहाशे बारा ओळी कागदावर छापून घेतल्या आणि तो गठ्ठा घेऊन ती एस.टी.त, जेवताना, केस विंचरतानासुद्धा पुटपुटायला लागली. आर्जवनं नमुना म्हणून कुठूनतरी थोडं सरकारी भाषांतर आणून दिलं होतं. त्यात 'शोधा'ला 'अन्वेषण' होतं. ते वाचून भाऊसोंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचून पुन्हा पुसला. अक्षतानं तो नमुना बाजूला ठेवला आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारलं, की तुम्ही ह्या कामाला काय म्हणता. जुन्या बातम्यांच्या कोठाराला 'फडताळ' नाव पडलं, कारण जुने अंक आजवर फडताळातच राहत होते. शोधायच्या बटणावर 'हुडका' आलं. त्यावर दोन दिवस वाद झाला. मालकांपर्यंत गेला. मालक म्हणाले, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळे हुडकतातच की, राहू दे. मध्येच उपटणारी ती चौकट आता विचारायची, 'हे काढून टाकायचं आहे ना? एकदा काढलं की परत येणार नाही.' भाऊसो ते मोठ्यानं वाचायचे आणि पडद्याला मान डोलवून उत्तर द्यायचे.

फक्त एकतीस ओळी तिनं सोडल्या. त्या परदेशातल्या मोठ्या पेपरांच्या सोयीच्या आहेत, आपल्याकडं कुणी वापरत नाही, ती सोय बंदच ठेवलीय, असं आर्जवनं सांगितलं होतं. वेळ थोडा होता. तिनं त्यांच्यावर काट मारली.

डिसेंबर संपता संपता पडदा मराठीत बोलायला लागला आणि कचेरीत जत्रेचं वातावरण आलं. साताऱ्याच्या कचेरीतला एकुलता एक बातमीदार अर्जुना, तोसुद्धा टेलिफोनच्या तारेवरून बातमी पाठवायला लागला आणि पाठवली की लगेच फोन करून, पोचली का, असं इतक्या मोठ्यानं विचारायचा की तारेची गरजच नव्हती. आण्णा रोज एस.टी.त शेजारच्या प्रवाशाला सांगायचे, की आमच्या मशीनला आता मराठी येतं, आमच्या पोरीनं शिकवलंय. अक्षताला लाज वाटायची आणि आनंदही व्हायचा. सराव रोज चालायचा. बातमी भरून झाली की कुणीतरी हाक मारायचं, ती पळत जायची, एकदा नजर टाकायची आणि 'हे बघा, असं' म्हणून 'पानावर सोडा' दाबायची. बातमी पानावर जाऊन बसायची. सोमवारची तिला चिंता उरली नव्हती.

सोमवारी दहा वाजता ती मालकांच्या खोलीत जाऊन बसली. आर्जवही आला होता. बाहेरून कळफलकांची टकटक ऐकू येत होती, एका लयीत, कुणी अडत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. बारा वाजता आर्जव तिच्याकडं बघून हसला. साडेबाराला टकटक कमी झाली. पावणेएकला पूर्ण थांबली. अक्षताला खुर्चीत बसवत नव्हतं, कारण पंधरा मिनिटं आधीच काम उरकलं होतं. एक वाजता तिघं बाहेर आले.

पान कोरं होतं.

सहाही जण आपापल्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून गप बसले होते, पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसे. एकेचाळीस बातम्या भरून, सुधारून तयार होत्या आणि एकही सुटली नव्हती. मालकांनी घड्याळ बघितलं आणि आर्जवला म्हणाले, की तुम्ही दोघं मिळून सोडा आता, गाडी चुकायला नको. अक्षतानं एकेचाळीस वेळा ते बटण दाबलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं, आपलंच मराठी कळलं नाही त्यांना.

छपाईचं मशीन सुरू झाल्यावर ती आण्णांसमोर जाऊन उभी राहिली आणि बटण कळलं नाही का, म्हणून विचारलं.

"कळलं की. लय सोपं हाय," आण्णा म्हणाले. "पर आपुन जुळवल्यालं आपुनच कसं सोडायचं? कुणीतरी यील म्हून बसलो."

भाऊसोंनी मान हलवली. बाकीच्या चौघांनीही हलवली. इतकं उघड आहे, हे काय सांगायचं, अशा नजरेनं सगळे तिच्याकडं बघत होते.

मग भाऊसोंनी मालकांना सांगितलं. बहात्तर साली एका जुळाऱ्यानं घाईत आपणच जुळवलं, आपणच वाचलं आणि आपणच सोडलं. बातमी होती हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या निधनाची. मेला होता त्याचा चुलतभाऊ, छापून आलं ह्याचं नाव. दुसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः अंक घेऊन कचेरीत आला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या दारात रडायला जमलेली अर्धी पेठ. तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे धरणेंद्रांच्या वडिलांनी, पान बांधायच्या दगडावर सगळ्यांचे हात ठेवून घेतले आणि वचन घेतलं, की जुळवणारा एक, मोठ्यानं वाचणारा दुसरा, आणि वाचणाऱ्यानंच सोडायचं. तेव्हापासून जुळवलेला मजकूर शेजारच्या टेबलावर सरकायचा. कुणाला कधी बोलून सांगावं लागलं नाही. आता पडद्यावर शेजारचं टेबलच नव्हतं. सरावात अक्षता येऊन सोडायची, तेव्हा दुसरा हात लागायचा, म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

वडिलांनी हे आपल्याला कधी सांगितलं नाही, एवढंच मालक म्हणाले. मग म्हणाले, की पुण्याची माणसं शुक्रवारी सह्यांना येणार आहेत. गुरुवारी एकदा बघू. तेवढंच.

आर्जवनं तिथंच सांगून टाकलं, की व्यवस्थेत नवी पायरी घालायची तर पुण्यात दोन महिन्यांचं काम आहे. माझ्या हातात फक्त शब्द बदलणं आहे.

संध्याकाळच्या एस.टी.त अक्षता आण्णांशेजारी बसली होती. तिच्या मांडीवर तोच गठ्ठा होता. रडून झालं होतं, आता ती नुसतीच पानं उलटत होती. कवठेपिरानचा फाटा मागं पडला आणि तिचं बोट काट मारलेल्या एकतीस ओळींवर थांबलं. ती वाचायला लागली. एकदा वाचलं, परत वाचलं. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. लिहून झालं की दुसऱ्याकडं पाठवायचं. त्याला पटलं तर तो सोडील, नाही पटलं तर कारण लिहून परत पाठवील. सगळं होतं. सगळं त्यात आधीपासून होतं.

तिनं आण्णांचा दंड इतका घट्ट धरला की त्यांना वाटलं, गाडी कशाला तरी धडकली.

"आण्णा, ह्यात शेजारचं टेबल हाय."

"मग आमाला दाखवलं का न्हाईस?"

"मीच वगळलं. आपल्याकडं कोण वापरतंय, म्हून."

आण्णा तिच्याकडं बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. साता समुद्रापलीकडच्या माणसांनासुद्धा जित्या माणसाला मारल्याची बातमी कधीतरी छापावी लागली असणार, त्याशिवाय का त्यांनी हे केलं, असं ते म्हणाले. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, तर त्यालाही त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आष्टा येईपर्यंत अर्धी गाडी ऐकत होती.

मंगळवारी पेपर सुटल्यावर आर्जवनं ती बंद सोय उघडली. त्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि तो ओशाळला होता, कारण ती बंद त्यानंच ठेवली होती आणि सोमवारी ती त्याला आठवलीच नव्हती. एकतीस ओळींचं भाषांतर मात्र अक्षतानं एकटीनं केलं नाही. ती ओळ वाचून अर्थ सांगायची आणि सहा जण भांडायचे. तपासणाऱ्याला 'वाचणारा' म्हणायचं हे लगेच ठरलं. पाठवायच्या बटणावर भाऊसोंनी सांगितलं ते आलं, 'पुढच्या हाती द्या'. बातमी कुणाकडं अडली आहे ते दाखवणारी ओळ झाली, 'अमुक यांच्या हाती आहे'. बुधवारी त्यांनी सराव केला आणि अक्षतानं एकदाही बटणाला हात लावला नाही. तिनं स्वतःचे हात ओढणीत गुंडाळून ठेवले होते.

गुरुवारी मालकांनी तिला खोलीत बसवलं नाही. दुकानदारांच्या पानभर जाहिराती आल्या होत्या, त्या करायला ती हवीच होती. तुझं तू कर, त्यांच्या कामाला हात लावू नको, म्हणाले आणि स्वतः खुर्ची घेऊन मध्यभागी बसले.

त्या दिवशी कचेरीत जो गलका झाला तो शिशाच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच. बातमी एका पडद्यावरून दुसऱ्यावर जात होती आणि जाईल तिथं मोठ्यानं वाचली जात होती. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं तोंडानं. एकीकडं कुपवाडच्या कारखान्यातला संप, दुसरीकडं मिरजेच्या तंबोऱ्यांचं प्रदर्शन, तिसरीकडं साताऱ्याहून अर्जुनाची पाणीपुरवठ्याची बातमी. भाऊसोंनी त्यात गावाचं नाव चुकलेलं पकडलं आणि कारण लिहून परत धाडलं. साताऱ्याहून अर्जुनाचा फोन आला, की मशीनमधून भाऊसो ओरडायला लागलेत, हे कसं काय. अक्षताला हसू आवरेना. पानावर एकेक रकाना भरत होता आणि ती आपलं काम टाकून मान वळवून बघत होती.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी पहिल्या पानावर तळाची एक चौकट तेवढी रिकामी राहिली. ती चौकट अक्षताची होती. वाचकांना सांगायचा मजकूर तिनं स्वतः लिहिला होता, की आजचा अंक संपूर्ण मराठी पडद्यावर तयार झाला आहे आणि तो ह्या सहा जणांनी केला आहे. खाली सहा नावं. तिनं मजकूर पुढच्या हाती दिला. पडद्यावर ओळ आली, 'आण्णा होवाळ यांच्या हाती आहे'.

आण्णांनी तो उभं राहून वाचला. नावं वाचताना प्रत्येकापाशी थांबले, स्वतःच्या नावापाशीसुद्धा. वाचून झाल्यावर खाली बसले. अक्षता बटण दाबल्याची वाट बघत होती. बारा चोपन्न. आण्णा एका बोटानं काहीतरी टाइप करत होते. बारा पंचावन्न. मालकांनी खुर्ची सरकवली. "आण्णा, सोडा की," कुणीतरी म्हणालं. आण्णांनी मान वर केली नाही.

अक्षताच्या पडद्यावर चौकट उघडली. मजकूर परत आला होता. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'सातवं नाव कुठाय'.

ती वळून म्हणाली, की आण्णा, वेळ न्हाई आता, तसंच जाऊ दे. आण्णा म्हणाले, "चूक दिसल्यावर मी सोडत न्हाई. सत्तावीस वर्सं सोडली न्हाई." आणि खरंच, त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ते बसले. तिला राग आला, रडू आलं, सगळं एकदमच आलं. एका नावापायी सहा घरं बुडवायला निघालेत हे, असं तिला वाटलं. मग तिनं घाईघाईनं आपलं नाव टाइप केलं, चुकलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि दिलं पुढच्या हाती.

आण्णा परत उभे राहिले. पहिल्या शब्दापासून वाचायला लागले. एकही शब्द गाळला नाही. भिंतीवरच्या घड्याळानं ठोका दिला तेव्हा ते पाचव्या नावावर होते. सहावं वाचलं. मग "अक्षता आण्णा होवाळ" हे त्यांनी बाकीच्या नावांइतक्याच सावकाश, बाकीच्या नावांच्याच आवाजात वाचलं, वाकले आणि बटण दाबलं.

पान भरलं. एक वाजून एक मिनिट झालं होतं.

मालक उठून पडद्याजवळ गेले आणि चौकटीतली नावं वाचत उभे राहिले. बाजूला आर्जव होता, त्याला त्यांनी विचारलं, की पुण्याचे ते चार ऑपरेटर एकमेकांचं वाचतात का. आर्जव खरं बोलला. तो म्हणाला, "नाही. ज्यानं भरलं तोच सोडतो."

"मग त्यांना कळवा, उद्या यायची तसदी घेऊ नका," मालक म्हणाले. खोलीकडं जाता जाता ते थांबले आणि अक्षताला म्हणाले, की जतच्या आणि पलीकडच्या वाचकांसाठी कानडीत एक पान काढायचं मनात आहे, ह्या सहाशे ओळींचं कानडी होईल का. अक्षतानं, कानडी येत नसतानाही, हो म्हणून टाकलं. भाऊसोंची बायको अथणीची, म्हणजे कानडी मुलखातली आहे हे तिला नंतर आठवलं.

मशीनवरून पहिले अंक आले तसे आण्णांनी त्यातला एक उचलला, घडी घातली आणि डोक्याला टोपी घालून बाहेर पडले. अक्षता मागं धावली, जेवायचं राहिलंय, म्हणाली. ते थांबले नाहीत. दोनच्या आष्टा गाडीच्या ड्रायव्हरला गाठायचं होतं. अंक घरी बायकोला, पारूबाईला पोचता करा, असं त्याला सांगायचं होतं. अक्षताच्या आईला वाचता येत नव्हतं, पण शेजारच्या कुणाकडूनही वाचून घेता आलं असतं, आणि संध्याकाळी घरी जाईपर्यंत थांबायची आण्णांची तयारी नव्हती.